मोठ्या गाड्या, अरुंद गल्ल्या आणि आमचा विरोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठ आणि कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांमधले आम्ही काही शेजारी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी फलक घेऊन उभे राहतो. पत्रक घेऊन गेलेली माणसं नंतर फोनवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कधी मंडईत भाजी घेताना गाठून प्रश्न विचारतात. त्यातले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्या उत्तरात लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुमचा विरोध नक्की कशाला? गाड्यांनाच का?

नाही. गाडी ही अनेक घरांची गरज आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आमचा विरोध गाडीच्या आकाराला आणि तो आकार म्हणजेच प्रतिष्ठा असं मानायला लावणाऱ्या खरेदीच्या वेडाला आहे.

टेप घेऊन मोजा. टोयोटा फॉर्च्युनर साधारण ४.८ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास ९ चौरस मीटर जागा. मारुती अल्टो के-१० साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. पहिलीचं वजन साधारण दोन टन, दुसरीचं पाऊण टनाच्या आसपास. सकाळी नऊ वाजता टिळक रस्त्यावर दोन्हींमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो. या फरकाच्या साडेतीनहून जास्त चौरस मीटरमध्ये कुणीतरी चालत होतं, कुणाची तरी सायकल जात होती. ती जागा त्यांच्याकडून गेली आणि कुणी त्यांना विचारलंही नाही.

२. 'मोठी गाडी' म्हणजे किती मोठी? माझी येते का त्यात?

'एसयूव्ही' या नावावरून आम्ही ठरवत नाही, कारण हल्ली कंपन्या थोडी उंच हॅचबॅकसुद्धा त्याच नावाने विकतात. टाटा पंच लांबीला साधारण ३.८ मीटर आहे आणि वजनाला टनाच्या आसपास. तिच्याशी आमचं काही भांडण नाही. उलट तीन दारांची महिंद्रा थार चार मीटरच्या आत बसते, पण सपाट उंच बॉनेट आणि वजन यांमुळे प्रश्न ४ मध्ये सांगितलेला धोका तिला पूर्ण लागू होतो.

आम्ही स्वतःपुरती फूटपट्टी अशी ठेवली आहे: रुंदी १.८ मीटरच्या पुढे किंवा वजन १,६०० किलोच्या पुढे. हा काही कायदा नाही. पॅरिसने पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी वजनाची हीच रेषा धरली आहे (प्रश्न ७).

३. रस्ते अरुंद आहेत हा महापालिकेचा दोष. गाडीवाल्याला का बोलता?

पेठांमधले बोळ महापालिकेच्याही आधीचे आहेत. वाड्यांच्या दोन भिंतींमधली वाट माणसं, बैल आणि फार तर टांगा यांच्या मापाची होती. आरसे धरून फॉर्च्युनरच्या मापाच्या दोन गाड्यांना समोरासमोर जायला सव्वाचार मीटरहून जास्त रुंदी लागते. दोन छोट्या गाड्या साडेतीन मीटरच्या आसपास एकमेकींना वाट देऊ शकतात. पूर्वी जिथून दोन्ही बाजूंची वाहतूक चालायची तिथे आता एक जण मागे घेतो आणि बाकीचे हॉर्न वाजवतात, त्याचं कारण एवढंच आहे.

रुंदीकरण हा इलाज बाहेरच्या रस्त्यांवर काही काळ चालतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. पण शनिवार पेठेत काय पाडणार? तिथे पाडायला फक्त घरं आहेत.

४. मी मुलांच्या सुरक्षेसाठी मोठी गाडी घेतली. त्यात काय चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे बहुतेक आई-वडील असतात. तुमची काळजी खरी आहे. म्हणून जरा सविस्तर.

आतल्या माणसांची सुरक्षा केवळ वजनावर ठरत नाही. गाडीचा सांगाडा, एअरबॅग आणि सीटबेल्ट यांवर ती जास्त अवलंबून असते. चार मीटरच्या आतल्या मारुती डिझायरला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तशीच चाचणी सुरू आहे. गाडी निवडताना तिथले तारे बघा. दोन गाड्यांची टक्कर झाली तर जड गाडीतल्यांना फायदा होतो हे खरं. पण तो फायदा समोरच्या छोट्या गाडीतल्या माणसांच्या वाट्याचा असतो. शिवाय उंच गाडी वळणावर उलटण्याचा धोकाही जास्त.

आता गाडीबाहेरच्या मुलांचं बघा. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून, म्हणजे साधारण मीटरभराहून, उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण समजायला सोपं आहे. बुटक्या गाडीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच सपाट गाडी छातीला किंवा डोक्याला धडकते आणि माणूस चाकांकडे ढकलला जातो.

चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. शाळा सुटताना आमच्या गल्लीत उभं राहून मी हे रोज बघते. दप्तर सावरत गाडीच्या पुढून जाणारं मूल चालवणाऱ्याला दिसतच नाही. आत बसलेलं मूल तुमचं असतं, पण शाळेच्या दारात उतरलं की तेही त्या बाहेरच्या मुलांमध्येच जाऊन मिसळतं.

५. माझी मोठी गाडी इलेक्ट्रिक आहे. मग तर चालेल ना?

धूर नाही ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल तुमचं कौतुकच. पण जागा तितकीच लागते. बॅटरीमुळे वजन उलट वाढतं आणि टायर झिजून उडणारी धूळ वजनाबरोबर वाढते. या वेडाचं टोक बघायचं तर अमेरिकेतल्या हमर इलेक्ट्रिकचं वजन चार टनांच्या पुढे आहे. छोटी इलेक्ट्रिक गाडी आणि इलेक्ट्रिक बस यांच्या बाजूने आम्ही मनापासून आहोत.

६. आम्ही जास्त किंमत देतो, जास्त करही भरतो. मग रस्ता जास्त का वापरू नये?

कराचं आधी बघू. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरहून लांब, १,५०० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्सच्या (गाडीचं पोट जमिनीपासून तेवढं उंच असलेल्या) गाड्यांवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के लागत. त्या दिवसापासून ते ४० टक्के झाले. छोट्या गाड्यांवरचा करही १८ टक्क्यांवर आला, तेही नोंदवायला हवं. इलेक्ट्रिक गाडीला मात्र ती केवढीही असो, ५ टक्केच. म्हणजे दोन टनांच्या इलेक्ट्रिक गाडीला पाऊण टनाच्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी दराने कर पडतो. महाराष्ट्राचा नोंदणीच्या वेळचा वाहन कर किमतीवर आणि इंधनावर ठरतो. वजन आणि रुंदी कुठेच मोजली जात नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पीएमपी बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. धायरीहून स्वारगेटला येणाऱ्या घरकामवाल्या मावशींच्या खिशातून जास्त पैसे गेले आणि काही महिन्यांत मोठ्या गाडीवरचा कर उतरला. याचा मला राग येतो.

आणि कर भरला म्हणून रस्ता विकत मिळत नाही. पायी चालणारा मीठ-साबणावरही कर भरतो.

७. जगात कुठे असा विरोध यशस्वी झाला आहे का?

पॅरिसमध्ये ४ फेब्रुवारी २०२४ रोजी यावर मतदान झालं. सुमारे ५४.५ टक्के मतं जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करण्याच्या बाजूने पडली. मध्यवर्ती भागात तासाला ६ ऐवजी १८ युरो. पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिड गाडी १,६०० किलोपासून, इलेक्ट्रिक दोन टनांपासून. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झालं. स्थानिक रहिवाशांना आपल्या भागात सूट आहे. हेही सांगायला हवं की मतदानाला सहा टक्क्यांहून कमी लोक आले होते, त्यामुळे सगळं पॅरिस मागे उभं होतं असं म्हणता येणार नाही.

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तरी आपल्या बहुतेक रस्त्यांवर गाडी आजही फुकट उभी राहते. आमची मागणी साधी आहे. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावा आणि ते गाडीच्या मापाप्रमाणे लावा.

८. आमचं घर चाकणच्या पगारावर चालतं. तुम्ही आमच्या पोटावर का उठलात?

हा प्रश्न विचारणाऱ्या दादांशी मी तासभर बोलले. त्यांचं म्हणणं हलकं नाही. आकुर्डी, पिंपरी, चाकण, भोसरी इथल्या लाखो घरांचे हप्ते, शिक्षण, आजारपण गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांवर चालतं. कारखाने बंद करा असं आम्ही कधीही म्हटलेलं नाही. पण काय बनवायचं हे कामगार ठरवत नाही. मोठ्या गाडीत नफा मोठा, म्हणून कंपनी तीच पुढे करते.

याच पिंपरीतल्या अभियंत्यांनी नॅनो घडवली. ३.१ मीटर लांब, ६०० किलो वजनाची, चार माणसं नेणारी. २००८ मध्ये ती जगाने डोळे विस्फारून पाहिली आणि २०१८ पर्यंत तिचं उत्पादन जवळपास थांबलं. गाडीत दोष काढता येतील, पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का तिला सर्वांत जास्त नडला. शेजाऱ्यापुढे स्वस्त गाडी उभी करायला माणसं लाजली. आमचं पत्रक त्या लाजेबद्दल आहे. चाकणच्या कुणाबद्दलही नाही.

९. आम्ही घरात सात जण आहोत आणि गाव वेल्ह्याच्या पुढे आहे. आम्ही काय करायचं?

तुम्हाला मोठी गाडी लागते, बिनधास्त वापरा. एकत्र कुटुंब, व्हीलचेअर नेणारे, शेतातला माल वाहणारे, पावसाळ्यात घाटरस्त्याने जाणारे यांच्याकडे आम्ही बोट दाखवत नाही. एक माहिती मात्र द्यावीशी वाटते. सात माणसांसाठी दोन टनांची गाडीच लागते असं नाही. मारुती अर्टिगा ४.४ मीटर लांब, १.७४ मीटर रुंद आणि वजनाला बाराशे किलोच्या आसपास आहे, आणि तीत सात जण बसतात.

१०. दसऱ्याला, पाडव्याला नवी गाडी घेणं ही आपली परंपरा आहे. तुम्ही आनंदाला विरोध करता का?

दसऱ्याला आमच्या घरी सायकलीलाही झेंडूचा हार असतो. दसऱ्याची पूजा आपल्याला जगवणाऱ्या हत्यारांची आणि अवजारांची असते. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा यांना हळदकुंकू लागतं, ते कृतज्ञतेने. साडेतीन मुहूर्तांना 'आज बुक करा, आजच डिलिव्हरी' हे विक्रीच्या लोकांनी नंतर चिकटवलं.

वाईट वाटतं ते हप्त्यांचं. सात वर्षांच्या कर्जावर गाडी येते, दारात फटाके वाजतात, रील निघते आणि मग घरात आजारपण आलं की सोनं गहाण पडतं. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत २०२४-२५ मध्ये जवळपास ६५ टक्के वाटा युटिलिटी प्रकारातल्या, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम, गाड्यांचा होता. इतक्या घरांना अचानक डोंगर चढायचे नव्हते. जाहिरातीत गाडी नेहमी मोकळ्या वाळवंटात किंवा बर्फात धावते, आणि घेणारा ती घेऊन लक्ष्मी रस्त्याला येतो.

११. मुलीचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांनी 'तुमच्या हौसेने' मोठी गाडी द्या म्हटलंय. काय करावं?

काका, हे पत्र मी दोनदा वाचलं. मागणी 'हौस' म्हणून आली तरी ती मागणीच आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हे आहेत आणि त्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. नुसती मागणी करणंही वेगळा गुन्हा आहे. न मागता, रिवाजाप्रमाणे, ऐपतीत बसणारी भेट कायदा मानतो, पण तिची यादी करून ठेवावी लागते. चाळीस-पन्नास लाखांची गाडी, तीही सुचवून मागितलेली, त्यात बसत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जे घर गाडीच्या मापाने सून जोखतं ते पहिल्या गाडीवर थांबत नाही. मुलीशी एकदा मोकळेपणी बोला. लग्न मोडलं तर लोक महिनाभर बोलतील, बोलू देत.

१२. परवडत नाही म्हणून जळता, असं लोक म्हणतात. तुमची स्वतःची गाडी कोणती?

घरात एक छोटी हॅचबॅक आहे, बारा वर्षं जुनी. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, त्यासाठी. बाकी बस, मेट्रो आणि पाय. आमच्यातल्या दोघांना उद्या मोठी गाडी घेणं सहज परवडेल. त्यांनी घेतली नाही.

१३. परदेशात टायरची हवा काढतात. तुम्ही का नाही?

२०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये 'टायर एक्स्टिंग्विशर्स' नावाने हे सुरू झालं आणि बऱ्याच देशांत पसरलं. आम्ही ते करत नाही, करू देणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली 'आगळीक' म्हणून गुन्हा दाखल होऊ शकतो. पण खरं कारण वेगळं आहे. रात्री दोन वाजता त्या गाडीतून कुणाच्या आईला रुग्णालयात न्यायचं असेल तर? माणसाला इजा होईल असं काहीही आमच्या नावावर नको. स्टिकर चिकटवणं, ओरखडा काढणं, गाडी अडवणं, हेही त्यातच आलं. वायपरखाली घडी घातलेलं पत्रक, आणि मालक समोर असेल तर आधी नमस्कार, एवढंच.

१४. निदर्शनाला परवानगी लागते का?

शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश पुण्यात वेळोवेळी निघतात. म्हणून आम्ही स्थानिक पोलीस ठाण्यात आधी अर्ज देतो, त्यावर पोच घेतो आणि ती प्रत सोबत ठेवतो. जागा, वेळ, माणसांचा अंदाज आणि एका जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायचं. नकार मिळाला तर तो लेखी मागा. वाहतूक अडेल असं कधीही उभं राहू नका, कारण आपली तक्रारच जागा अडवण्याबद्दल आहे.

१५. ते रांगोळीचं काय असतं?

मैदानात किंवा वाहतूक नसलेल्या जागी ४.८ बाय १.८५ मीटरचा चौकोन रांगोळीने काढायचा आणि त्यात लोकांना उभं करायचं. आठ सायकली नीट मावतात. आज्या खुर्च्या टाकून बसतात, मुलं लंगडी खेळतात. भाषणापेक्षा याचा परिणाम जास्त होतो. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवला होता. त्या दिवशी रस्त्याच्या मधून चाललेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

१६. सोसायटीत एकाची मोठी गाडी दुसऱ्याच्या जागेत शिरते. काही करता येतं?

येतं, भांडण न करता. पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटरची आखलेली असते. त्यात १.९ मीटरची गाडी उभी केली की दोन्ही बाजूंची दारं उघडायला जेमतेम फूटभर उरतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगचं वाटप सर्वसाधारण सभा ठरवते आणि जागा अपुरी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या असतात. बिल्डरने 'विकलेल्या' मोकळ्या आणि स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे की ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. सभेत ठराव मांडा: जास्त माप, जास्त शुल्क. आमच्या सोसायटीत तिसऱ्या सभेत तो मंजूर झाला.

१७. फूटपाथवर चढवलेली गाडी, पुढे लोखंडी बंपर लावलेली गाडी यांची तक्रार कुठे करायची?

फूटपाथवर गाडी लावणं बेकायदा आहे, मग ती छोटी असो वा मोठी. वाहतूक पोलिसांना कळवा आणि फूटपाथच तुटला असेल तर महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर. वरून बसवलेले बुल बार आणि क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. फोटो पोलिसांना द्या. ग्रुपवर नंबर प्लेटसकट टाकू नका.

१८. कल्याणीनगरच्या अपघाताचे फलक तुम्ही का लावत नाही?

१९ मे २०२४ च्या त्या रात्री भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. ती गाडी बुटकी, वेगवान सेडान होती. तिथले प्रश्न दारू, वेग आणि अल्पवयीन हातातलं स्टिअरिंग यांचे आहेत. गेलेल्यांची नावं आमच्या मुद्द्यासाठी वापरायची नाहीत, असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं.

१९. बस वेळेवर येत नाही, मग गाडी घेणारच ना माणूस?

घेणारच. म्हणून आमच्या प्रत्येक निवेदनात पहिली मागणी बस वाढवण्याची असते. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो भुयारातून स्वारगेटपर्यंत पोहोचली, पण स्टेशनातून बाहेर आल्यावर चालायला फूटपाथ हवा. तो फूटपाथ वर चढवलेल्या गाड्यांनी (प्रश्न १७) व्यापलेला असतो.

२०. मोठी गाडी आधीच घेतली आहे. आता तुमच्यात येता येईल का?

या. आमच्यात असे तिघे आहेत. गाडी विका असं कुणी म्हणणार नाही. पेठेत येताना ती डेक्कनच्या अलीकडे पैसे भरून लावा आणि पुढे चाला, शाळेच्या गल्लीत आणू नका, लोखंडी बंपर असेल तर काढून टाका, आणि पुढची गाडी घेताना टेप घेऊन शोरूममध्ये जा. निदर्शनाला येताना शक्य असेल तर सोबत पाण्याची बाटली आणि एक किलो पांढरी रांगोळी आणा. ती नेहमी कमी पडते.